मिळालेल्याची वही

मी २२ वर्षं आमच्या ख्रिस्ती मंडळीची खजिनदार होते. रविवारची उपासना आटोपली की मागच्या खोलीत आम्ही तिघं बसायचो. एकाने दानाची थैली रिकामी करायची, दुसऱ्याने मोजायचं, तिसऱ्याने पुन्हा मोजून वहीत आकडा लिहायचा, मग तिघांच्या सह्या. आठवडाभराची नोकरीही हिशेबखात्यातलीच. त्यामुळे देवाचा विचार करतानाही माझ्या डोक्यात आधी रकाने आखले जातात. धाकटी बहीण म्हणते, "ताई, तू प्रार्थनेतही बेरीज करतेस." करते. येशूच्या दाखल्यांत तरी दुसरं काय आहे? कारभारी, सावकार, देणेकरी, संध्याकाळी मजुरीसाठी थांबलेले मजूर, घर झाडून शोधलेलं एक नाणं. हिशेब कळणाऱ्याला तिथे परकं वाटत नाही.

देवाने दिलेलं कृतज्ञतेने वापरावं, पैशाअडक्यापेक्षा विश्वास मोठा मानावा, हे कुणी नाकारत नाही. रविवारी सगळेच माना डोलावतात. अडतं ते सोमवारी. पगार झालेला असतो, हप्ता गेलेला असतो, शेजाऱ्याने नवी गाडी घेतलेली असते आणि साहेब एका कागदावर सही मागत असतात. त्या सोमवारसाठी मला जे जमलं आणि जे करताना मी तोंडावर आपटले, ते इथे लिहिते.

आधी एक वही

साधी शंभर पानी वही घ्या आणि चार रकाने आखा: तारीख, काय मिळालं, कोणाच्या हातून, पुढे काय झालं. दिवसाला एक नोंद पुरे. तीनच्या वर तर लिहूच नका, कारण जास्त लिहायला गेलं की माणूस 'आरोग्य, कुटुंब, निवारा' अशी भरताड सुरू करतो. मोठी रक्कम 'किरकोळ' या नावाखाली टाकणाऱ्या कारकुनाकडे मी ज्या नजरेने बघायचे, त्याच नजरेने 'सर्व आशीर्वादांसाठी आभार' या वाक्याकडे बघते. नेमकं लिहा. 'डाव्या डोळ्यातलं पाणी आज थांबलं.' 'रांगेत पुढच्या बाईंनी जागा धरून ठेवली.' 'मोठ्याने स्वतःहून फोन केला, पैसे न मागता.'

तिसरा रकाना भरायचा लोकांना कंटाळा येतो. सगळं देवानेच दिलं, मग हात कोणाचा ते कशाला लिहायचं, असं विचारतात. पण देव बहुतेक वेळा कुणाच्या तरी हातानेच देतो, आणि तो हात लिहून ठेवला नाही तर परत फिरायला वाट उरत नाही. लूकच्या शुभवर्तमानातले १० कुष्ठरोगी आठवा. दहाही बरे झाले, परत आला एकच, आणि तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांनी परका मानलेला, ज्याच्याकडून कुणी अपेक्षाच केली नसती. उरलेल्या नऊंना आपण कृतघ्न म्हणून मोकळे होतो. पण येशूनेच त्यांना याजकांकडे जाऊन स्वतःला दाखवायला सांगितलं होतं, आणि ते तिकडेच चालले होते. सांगितल्याप्रमाणे वागणारी माणसं होती ती. मला हे नऊ जण फार ओळखीचे वाटतात. यादीतली कामं हातावेगळी करत सरळ पुढे जाणारे. परत फिरायचं तर चालू काम टाकून उलटं चालावं लागतं, दुसरं काही नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एकदा माझा ताळा जुळत नव्हता. सगळी दुपार त्यात गेली. पलीकडच्या टेबलावरचे वयस्कर कारकून उठून आले आणि म्हणाले, "फरक नवाने भागून बघ." भागला गेला. "मग कुठेतरी आकडे उलटे पडलेत. ६३ च्या जागी ३६ लिहिलं असशील." पाच मिनिटांत चूक सापडली. ती युक्ती मी पुढे ३० वर्षं वापरली. वही सुरू केल्यावर एका रात्री लक्षात आलं, की त्यांना आभाराचा एक शब्द आपण कधी बोललेलो नाही. पत्ता शोधून गेले. ऐंशी ओलांडली होती त्यांनी, ऐकायलाही कमी येत होतं. तीनदा मोठ्याने सांगितल्यावर म्हणाले, "मी सांगितलं? मला तर ते दुसऱ्याच कुणी शिकवलं होतं." आणि त्या दुसऱ्याविषयी अर्धा तास बोलत बसले. तुझ्याजवळ असं काय आहे जे तुला मिळालेलं नाही, असं पहिल्या काळातला ख्रिस्ती प्रचारक पौल करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रात विचारतो. तो प्रश्न मी लहानपणापासून वाचत आले होते. कळला त्या अर्ध्या तासात.

तेव्हा तिसऱ्या रकान्यात नाव आलं, की त्याच आठवड्यात त्या माणसाला कळवा. दोन ओळी पुरतात. चौथा रकाना मोकळा राहू द्या, त्याचं पुढे सांगते.

'माझं' मोजून बघा

हा एका दिवसाचा प्रयोग आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत 'माझं, माझी, माझे' किती वेळा तोंडात आलं ते कागदाच्या कोपऱ्यात रेघा मारून मोजा. मूर्ख श्रीमंताच्या दाखल्यात तो माणूस चार वाक्यं बोलतो, तीही स्वतःशीच. त्यात माझं पीक, माझी कोठारं, माझं धान्य, माझा माल, आणि शेवटी माझा जीव. त्याच रात्री जीव मागितला जातो. बाकीचं सोडा, जीवही त्याचा नव्हता.

मराठीत ही सवय मोडणं खरं म्हणजे सोपं असायला हवं. इंग्रजीत मालकी सांगायला सरळ क्रियापद आहे. आपल्याकडे वस्तू नुसती आपल्याजवळ असते: माझ्याकडे घड्याळ आहे, माझ्याजवळ पैसे आहेत. जवळ आहे म्हणजे आत्ता इथे आहे, उद्या दुसरीकडे असेल. ठेवीसारखं. 'माझं घर' म्हणण्याऐवजी 'मी राहते ते घर' असं एक दिवस म्हणून बघा. विचित्र वाटेल, घरचे हसतील, पण संध्याकाळपर्यंत पकड कुठे घट्ट आहे ते कळेल. माझी पकड घरावर नव्हती, ती निघाली मुलाच्या यशावर. 'माझ्या मुलाला' हे त्या दिवशी अकरा वेळा.

यात कष्ट नाकारायचे नसतात. मोशेच्या पाचव्या पुस्तकात इस्राएल लोकांना बजावलं आहे, की पोट भरल्यावर, चांगली घरं बांधल्यावर 'हे माझ्या हाताच्या बळाने मिळवलं' असं मनात म्हणू नका. पण पुढे तिथे हात निरुपयोगी आहे असं म्हटलेलं नाही. मिळवायची शक्ती देणारा देव आहे, एवढंच म्हटलं आहे.

जपणं वेगळं, पुरणं वेगळं

माझ्या आईची शिलाई मशीन होती. तिच्यावर शिवून तिने आम्हा दोघींची शिक्षणं केली. आई गेल्यावर ती माझ्याकडे आली. मी तिच्यावर जाड कापड घातलं, वरून प्लास्टिक बांधलं आणि खोलीच्या कोपऱ्यात ठेवली. कुणाला हात लावू दिला नाही. आईची आठवण, म्हणून दर नाताळाच्या आधी वरची धूळ पुसायची. असं ९ वर्षं.

मग मंडळीतल्या एका मुलीला शिवणकाम शिकून घर चालवायची वेळ आली, आणि मी मोठ्या मनाने मशीन देते म्हणाले. कापड काढलं तर हातचाक फिरेना. आत राहिलेलं तेल सुकून त्याचा डिंकासारखा चिकटा झाला होता, पट्ट्याला भेगा पडल्या होत्या, बॉबिनची डबी गंजून जागीच बसली होती. रोज चालली असती तर तिला काही झालं नसतं. दुरुस्तीवाल्याने सगळे भाग सुटे करून रॉकेलमध्ये बुडवून ठेवले, तरी एक दांडा बदलावाच लागला. ती मुलगी तीन आठवडे थांबली. ते तीन आठवडे माझ्या नावावर.

तालांतांचा दाखला मी मंडळीत कितीदा वाचून दाखवला असेल! मालक परगावी जाताना तीन चाकरांकडे आपला पैसा सोपवतो: एकाला पाच तालांत, एकाला दोन आणि एकाला एक. पहिले दोघं तो दुप्पट करतात, तिसरा पुरून ठेवतो. या एकवाल्याची मला नेहमी दया यायची, बिचाऱ्याला थोडंसंच मिळालं म्हणून. ते थोडं नव्हतं. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे जवळजवळ २० वर्षांची कमाई त्याने जमिनीत पुरली होती. त्याने चोरी केली नाही, उधळपट्टी केली नाही, पैन् पै परत आणून दिली. माझ्यासारख्या हिशेबनीसाच्या दृष्टीने त्याचा ताळा अगदी बरोबर होता. मालकाला राग आला तो, चाकर घाबरून बसला म्हणून. मालक कठोर आहे असं त्याने मनाशी धरलं होतं, आणि ज्याला देणाराच कठोर वाटतो त्याला दिलेलंही वापरता येत नाही.

तर घरात एक फेरी मारा. अडगळ काढायला मारायची ती फेरी वेगळी. या फेरीत तुम्ही जपताय असं तुम्हाला वाटतं त्या वस्तू बघा आणि प्रत्येकीला तेल कधी घातलं ते आठवा. हाच प्रश्न आपल्याला जी कामं करता येतात त्यांनाही विचारा. पेटी वाजवता येते, पण लग्नानंतर वाजवली नाही. अक्षर चांगलं आहे, पण कुणाचा अर्ज लिहून दिला नाही. आजाऱ्याजवळ शांत बसता येतं, हेसुद्धा एक येणं आहे आणि ते फार थोड्यांना येतं. एक निवडा आणि या महिन्यात ते ज्याला हवं आहे त्याच्यापर्यंत पोचवा.

आणि उपभोगाची लाज बाळगू नका. काही भाविक माणसं चांगली वस्तू वापरताना चोरी केल्यासारखा चेहरा करतात. पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो, की देव आपल्याला सगळं उपभोगण्यासाठी विपुल देतो. हे वाक्य धनवानांना सूचना देता देताच आलं आहे, हे विशेष. दिलेली भेट घेणाऱ्याने कपाळाला आठ्या घालून वापरली तर देणाऱ्याला काय वाटेल?

किती ठेवावं

यावर माझं कुणाशी फारसं जमत नाही. 'उद्याची चिंता करू नका' हे वचन सांगून शिल्लक ठेवायलाच विरोध करणारे आमच्यात होते, आणि महिनाअखेरीला माझ्याकडे उसने मागायलाही तेच यायचे.

मला उत्तर सापडलं ते मान्नाच्या गोष्टीत. अरण्यात इस्राएल लोकांसाठी रोज सकाळी मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, पडायचा. तो माणशी एक ओमर (त्या काळचं एक माप) गोळा करायचा, सकाळपर्यंत उरवायचा नाही. ज्यांनी उरवला त्याच्यात किडे पडले, घाण सुटली. पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचा, आणि शब्बाथासाठी, म्हणजे सातव्या, विसाव्याच्या दिवसासाठी ठेवलेला तोच मान्ना सकाळी ताजाच राहायचा. म्हणजे ठेवण्यात दोष नव्हता. फरक एवढाच की एक साठा 'उद्या देव देईल की नाही' या धास्तीने केलेला होता आणि दुसरा देवाने सांगितलं म्हणून केलेला.

वहीच्या शेवटच्या पानावर आपल्या प्रत्येक साठ्यापुढे त्याचं काम आणि ते काम कधी लागेल ते लिहा. मुलीचं शिक्षण, तीन वर्षांनी. आजारपण, केव्हाही. म्हातारपण, लवकरच. ज्याच्यापुढे काहीच लिहिता येत नाही तो साठा धास्तीचा. माझी अशी एक मुदत ठेव निघाली, पाच वेळा नूतनीकरण केलेली आणि कशासाठी ते मलाच ठाऊक नसलेली. अर्धी मोडली. उरलेली अर्धी अजून आहे आणि तिच्यापुढची जागा अजून कोरी आहे. खोटं कशाला सांगू!

द्यायचं कसं

आधी द्या. पगार हातात आल्यावर पहिलं पाकीट बाजूला काढा, मग बाकीचे खर्च. पौलाने करिंथच्या लोकांना हेच सांगितलं होतं, की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावं. उरल्यावर देऊ म्हणणाऱ्याचं उरत नाही, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे: थैली मोजणारी म्हणून आणि थैलीत टाकणारी म्हणूनही.

माझी चूक सांगते. पगार पाच वर्षांत तीनदा वाढला. घरातला पंखा बदलला, पडदे बदलले, प्रवासाची तऱ्हा बदलली. पाकिटातली रक्कम तीच. दर रविवारी दुसऱ्यांचे आकडे लिहिणाऱ्या बाईला स्वतःचा आकडा पाच वर्षं दिसला नाही. अठराव्या शतकातला इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली याने आपल्या एका प्रवचनात एकाची गोष्ट सांगितली आहे, आणि ती त्याची स्वतःचीच मानली जाते. पहिल्या वर्षी ३० पौंड मिळाले, २८ मध्ये भागवलं, २ दिले. दुसऱ्या वर्षी ६० मिळाले. तरी २८ मध्येच भागवलं, ३२ दिले. मग ९०, मग १२०, आणि राहणीचा आकडा शेवटपर्यंत २८. हे वाचून मी वेस्ली झाले नाही. पण त्यातली एक गोष्ट उचलली. पगारवाढीचं पत्र हातात आलं की खर्चाची नवी कल्पना सुचायच्या आत, त्याच दिवशी, पाकिटाचा नवा आकडा लिहायचा. संध्याकाळपर्यंत थांबलं की पडदे दिसायला लागतात.

किती द्यायचं हे मला विचारू नका. दशांशाने सुरुवात करावी असं मी म्हणते, पण जिच्या घरी दहा टक्के काढल्यावर मुलांची फी राहते तिला मी पाच टक्क्यांवरही अडवणार नाही. पौलच म्हणतो, देणं मान्य होतं ते माणसाजवळ जे आहे त्याप्रमाणे, जे नाही त्याप्रमाणे नव्हे. यरुशलेमच्या मंदिरात दानासाठी तुतारीच्या आकाराची १३ पात्रं असत. त्यांच्यासमोर बसून येशू बघत होता, तेव्हा एका विधवेने दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी नाणी, टाकल्या. दोन्ही मिळून एका दिनाराचा चौसष्टावा भाग, म्हणजे दिवसाच्या मजुरीतली काही मिनिटं. येशू म्हणाला, हिने सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं, कारण बाकीच्यांनी विपुलतेतून टाकलं आणि हिने होतं नव्हतं ते. कुणी काय टाकलं याबरोबर कुणाजवळ काय उरलं तेही तो मोजत होता. तसला रकाना माझ्या वहीत कधीच नव्हता.

द्यायच्या आधी देणी बघा. मोलकरणीचा पगार थकवून थैलीत टाकलेली नोट देवाला नको आहे. मजुराची अडवलेली मजुरी ओरडते असं याकोबाने लिहिलं आहे. आईवडिलांना द्यायचं ते 'देवाला अर्पण केलं' असं म्हणून टाळणाऱ्यांना येशूने कडक शब्दांत सुनावलं होतं. त्या लबाडीला तेव्हा कुर्बान असं भारदस्त नाव होतं. आता नाव नाही, पण पद्धत चालू आहे.

देताना गुप्तता पाळा, डाव्या हाताला कळू न देता. पण जिथे देता तिथला हिशेब मात्र उघडा असायला हवा, आणि तो मागायला लाजू नका. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली रक्कम नेताना पौलाने बरोबर आणखी माणसं घेतली, कुणाला दोष काढायला जागा राहू नये म्हणून. आम्ही तिघं मोजायला बसायचो तेही त्यासाठीच. बारा शिष्यांची थैली ज्याच्याकडे असायची तो यहूदा इस्कर्योत त्यातलं काढून घ्यायचा, असं योहान स्पष्ट लिहितो. खजिनदारांच्या घराण्याचा हा मूळ पुरुष. मी ते वचन कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलं होतं.

आणि दिल्यावर सोडून द्या. 'जोडोनिया धन उत्तम वेव्हारे, उदास विचारे वेच करी' हे तुकोबांचं आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे. त्यातलं 'उदास' म्हणजे दुःखी चेहऱ्याने नव्हे, त्या पैशाशी मनाने लागून न राहता. दिलेल्या पैशाचा पाठलाग करणारे देणगीदार मी पाहिले आहेत. पंख्यावर नाव, बाकावर नाव. एकदा पंखा बंद पडला तर दुरुस्तीच्या आधी नाव दिसतंय ना याची चौकशी झाली. (पुढे तो पंखा मीच बदलायला लावला, नाव न घालता.)

दोन्ही समोरासमोर आले की

वर्षात बहुतेक दिवस पैसा आणि विश्वास एकाच घरात गुण्यागोविंदाने राहतात. कुणी कुणाला उठवत नाही. मग एक दिवस जागा एकालाच असते.

माझ्या नोकरीत तो दिवस एका बिलाच्या रूपाने आला. मार्च उलटला होता. साहेबांनी मागची तारीख घालून बिल नोंदवायला सांगितलं. मी केलं. पहिल्यांदा मी केलं, हे लपवत नाही. रक्कम लहान होती, सगळीकडे असंच चालतं असं म्हटलं, आणि रविवारी मंडळीची वही नेहमीसारखी काटेकोर लिहिली. दुसऱ्या वर्षी तसंच बिल आलं, आकडा मोठा. तेव्हा मी नाही म्हणाले. साहेब रागावले नाहीत, हसले फक्त. त्यानंतर बढतीच्या यादीत माझं नाव आलं नाही. माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा माझा साहेब झाला, आणि मी पुढची ९ वर्षं त्याच टेबलावर होते.

यानंतर देवाने मला दुसरीकडून भरपाई दिली असं सांगायची पद्धत आहे. मला तशी काही भरपाई मिळाली नाही. विश्वास ठेवा, दुप्पट मिळेल असं सांगणाऱ्यांपासून दूर राहा. ते विश्वासालाच गुंतवणूक करून टाकतात आणि मग मोठा पुन्हा पैसाच ठरतो.

दुसऱ्या वर्षी नाही म्हणता आलं ते कशामुळे? भक्ती वाढली होती म्हणून, असं मला वाटायचं. वही चाळल्यावर दिसलं, की मधल्या वर्षात घराचा हप्ता संपला होता. पहिल्या वर्षी नोकरी गेली असती तर घर गेलं असतं, दुसऱ्या वर्षी नसतं गेलं. म्हणून सांगते, परीक्षेच्या आधीचं वर्ष महत्त्वाचं. कर्ज जितकं कमी, गरजा जितक्या थोड्या, तितकी मान ताठ ठेवायला जागा. आहे त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे, असं पौल कैदेतून लिहितो. शिकलो, म्हणजे त्यालाही ते उपजत येत नव्हतं.

दुसरं, आपली रेघ आधीच आखून ठेवा. मी काय करणार नाही ते शांतपणी, दोन-तीन वाक्यांत, वहीत लिहा आणि एका विश्वासू माणसाला वाचून दाखवा. साहेब समोर उभे असताना रेघ आखता येत नाही.

तिसरं, दुसऱ्याची रेघ आपल्या पट्टीने मोजू नका. श्रीमंत तरुणाला येशूने सगळं विकायला सांगितलं. जकातदार जक्कयाने अर्धं देतो आणि फसवलेल्यांना चौपट परत करतो म्हटलं, तर येशूने उरलेल्या अर्ध्याबद्दल विचारलंही नाही. हनन्या आणि सप्पीरा या जोडप्याने जमीन विकून काही पैसे मागे ठेवले, तेव्हा येशूचा शिष्य पेत्र हनन्याला म्हणाला, की जमीन तुझीच होती, पैसेही तुझ्याच हाती होते. त्यांचा गुन्हा काही भाग ठेवल्याचा नव्हता, सगळं दिल्याचं सोंग केल्याचा होता. तो तरुण खिन्न होऊन निघून गेला, पण त्याला सगळं विकायला सांगण्याआधी येशूने त्याच्याकडे बघून त्याच्यावर प्रीती केली, हे मार्कने नोंदवून ठेवलं आहे. आपण नकार देणाऱ्यांना नावं ठेवताना ते विसरतो.

वाटतच नाही तेव्हा

यजमान गेले त्या वर्षी माझी वही चार महिने कोरी आहे. भेटायला येणारे म्हणायचे, सर्व स्थितीत आभार माना. त्यांचं वचन बरोबर होतं, वेळ चुकीची होती. दुःखात असलेल्या माणसाला कृतज्ञता शिकवायला जाऊ नका, एवढं तरी माझ्याकडून घ्या. स्तोत्रसंहितेतलं ८८ वं स्तोत्र अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची एक ओळही नाही. तरी ते बायबलमध्ये आहे, कुणी काढून टाकलं नाही. अशा दिवसांत तेवढं वाचावं. वही बंद ठेवावी. नंतर ती पानं मागच्या तारखा घालून भरू नयेत. मागच्या तारखेचं काय होतं ते वर सांगितलंच.

पुन्हा लिहायला घेतलं तेव्हाची पहिली नोंद अशी आहे. काय मिळालं: 'खालच्या मजल्यावरच्या बाई दोन जिने चढून वर आल्या. बसल्या. काही बोलल्या नाहीत.' कोणाच्या हातून: त्यांचं नाव. चौथा रकाना तेव्हा रिकामा ठेवला होता. गेल्या वर्षी त्यांचा भाऊ वारला, त्या दिवसाची तारीख घालून त्यात लिहिलं: 'खाली गेले. बसले.'